अँजिओप्लास्टी-बायपासनंतर रुग्णालयाच्या आभारासाठी ५ किमी दौड : आखणीत काय चुकतंय ते सांगा

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. हृदयविकारातून सावरलेले बारा-चौदा जण आणि त्यांच्या घरचे मिळून छत्रपती संभाजीनगरात ५ किलोमीटरची दौड ठरवायलोय. ज्या हृदयरोग विभागात उपचार झाले त्या विभागासाठी निधी जमवायचा, एवढाच हेतू. साधारण ३०० जण येतील. सावरलेल्यांत अँजिओप्लास्टीवाले जास्त आहेत, तिघांची बायपास झालीय, एकाची झडप बदललीय. कच्चा आराखडा असा : २६ जानेवारी, सकाळी साडेसहाला क्रांती चौकातून सुरुवात, शेवट थेट रुग्णालयाच्या फाटकावर, तिथं ढोल-ताशा आणि मोठा धनादेश डॉक्टरांच्या हातात. टी-शर्ट, पदक सगळ्यांना. पैशासाठी एका कार्यकर्त्याच्या मोबाइलचा क्यूआर कोड फिरवायचा. ज्यांनी अशा दौडी भरवल्यात त्यांनी हातचं न राखता सांगावं.

बालाघाट
गोदाकाठ भाऊ, हेतू मोलाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. सगळ्यात आधी शेवटाची जागा बदला. रुग्णालयाभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ते आहे. तिथं ढोल वाजवता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मूळ अडचण राहतेच. ३०० पळणारे, त्यांचे नातेवाईक, दुचाक्या असा सातशे-आठशेंचा जमाव अपघात विभागाच्या फाटकावर दीड तास उभा राहणार. त्याच वेळी छातीत कळ आलेला एखादा पेशंट फुलंब्रीहून नाहीतर गंगापूरहून अॅम्ब्युलन्समध्ये येत असेल. बंद झालेली रक्तवाहिनी उघडायला जेवढा उशीर तेवढा हृदयाचा स्नायू जास्त मरतो. ज्यांचे आभार मानायचे त्यांच्याच दारात अडथळा होता कामा नये. मार्ग रुग्णालयापासून किमान एक किलोमीटर दूर ठेवा. अॅम्ब्युलन्सचा नेहमीचा रस्ता तर कुठंच अडवू नका.

दुसरं, तारीख. २६ जानेवारीला सगळं पोलीस दल ध्वजवंदन आणि संचलनात असतं. वाहतूक शाखेकडून माणसं मिळत नाहीत आणि क्रीडांगणंही अडकलेली असतात. जानेवारीतला दुसरा नाहीतर तिसरा रविवार घ्या, संक्रांत सोडून. फेब्रुवारीत गेलात तर महाशिवरात्र बघा. वेरूळ, परळी, औंढा नागनाथ ही तिन्ही ज्योतिर्लिंगं आपल्याच भागात, बंदोबस्त तिकडं जातो. काहीजण २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन सुचवतील. त्या दिवसांत परतीचा पाऊस असतो आणि बऱ्याचदा नवरात्राचा बंदोबस्तही. मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडचं ऊन हृदयाच्या पेशंटला झेपणारं नसतं.

तिसरं, वेळ. जानेवारीच्या मध्यावर संभाजीनगरात सूर्य सातच्या पुढं उगवतो, साधारण ७ वाजून ७ मिनिटांनी. साडेसहाला अंधार असतो. गतिरोधक आणि उघडी चेंबरं दिसत नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस पडला तर साधं खरचटणंही लवकर थांबत नाही, आणि डोक्याला मार बसला तर तो थेट दवाखान्याचा विषय. शिवाय पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. सव्वासातच्या आधी शिट्टी वाजवू नका. नांदेडला सूर्य सात-आठ मिनिटं आधी उगवतो, तिकडं सातला चालेल.

हृदय_फिजिओ
बालाघाट सरांचं पटतं. मी फक्त सावरलेल्या पेशंटांबद्दल लिहिते, कारण दौड त्यांच्या नावानं आहे आणि धोकाही त्यांनाच जास्त आहे.

"डॉक्टर म्हणाले चाला-फिरा" एवढ्यावर कुणाचं नाव पळणाऱ्यांत घेऊ नका. तीन गोष्टी कागदावर मागा : अलीकडचा इको (हृदयाची सोनोग्राफी), सध्याची औषधं चालू ठेवून केलेली टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवत घेतलेला ईसीजी) आणि हृदयरोगतज्ज्ञांनी 'पळण्यास हरकत नाही' की 'फक्त चालणे' हे स्वच्छ लिहिलेली चिठ्ठी. औषधं बंद करून केलेल्या टीएमटीचा इथं उपयोग नाही, कारण दौडीच्या दिवशी माणूस औषधांवरच असणार आहे.

टीएमटीच्या रिपोर्टात 'मेट्स' असा आकडा असतो. स्वस्थ बसलेल्या शरीराला लागतो तो ऑक्सिजन म्हणजे १ मेट. आपल्याकडच्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. ६ मिनिटं पूर्ण झाली तर साधारण ७ मेट्स, ९ मिनिटं झाली तर साधारण १०. आता दुसरी बाजू बघा. ताशी ८ किमी वेगानं पळायला ८ मेट्सच्या थोडं वरच लागतं. म्हणजे ज्याची टीएमटी ६ मिनिटांत थांबली त्यानं या वेगानं पळणं हे त्याच्या कमाल ताकदीच्याही पुढं जाणं आहे. टिकून करायचा व्यायाम कमाल ताकदीच्या ६० ते ७० टक्क्यांत बसला पाहिजे. १० मेट्सवाल्याला ६ ते ७ मेट्स, म्हणजे ताशी साडेसहा किमीच्या आत-बाहेर हळू जॉगिंग. ५ किमीला पाऊण तासाच्या थोडं वर. ७ मेट्सवाल्यानं झपझप चालावं. म्हणून शर्यतीची वेळमर्यादा ७५ मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका. ताशी ४ किमीनं चालणारा तेवढ्यात पोचतो.

बायपासवाल्यांची छातीची हाडं जुळून येईपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने, पळणं नको. छातीच्या मध्यभागी कट्-कट् आवाज येत असेल तर आधी सर्जनना दाखवा. ज्या पायातली शीर काढली तो पाय संध्याकाळी सुजत असेल तर अंतर वाढवू नका. झडप बदललेल्यांचा प्रश्न वेगळा. धातूची झडप असेल तर वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची असते. त्यांची आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) ताजी हवी आणि घोळक्यात पळणं टाळलेलं बरं. त्यांना चालण्याच्या गटात घ्या.

औंढेकर
ताई, घड्याळात पल्स किती ठेवायचा? २२० वजा वय हे सूत्र सगळीकडं वाचायला मिळतं. आमच्या मंडळींत ५८-६० चे लोक आहेत, म्हणजे १६०?

हृदय_फिजिओ
नाही, हे सूत्र इथं वापरू नका. यातले बहुतेक मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर असतात. त्या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. माणूस दमून थांबायला आला तरी घड्याळ ११५ दाखवू शकतं, आणि तो १६० गाठायच्या नादात पळत राहतो. टीएमटीत त्रास न होता ठोके कुठवर गेले तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याच्या बरंच खाली राहा. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांवर धाप लागली की चाला.

सराव बारा आठवड्यांचा धरा, आठवड्यातून चार दिवस. पहिले दोन आठवडे ३० मिनिटं नुसतं चालणं. तिसऱ्या-चौथ्यात १ मिनिट जॉगिंग, ३ मिनिटं चालणं, असं सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात २ ला ३. सातव्या ते नवव्यात ३ ला २. दहाव्या-अकराव्यात ५ ला १, सहा वेळा. बारावा आठवडा हलका. दर वेळी सुरुवातीला १० मिनिटं हळू चालणं आणि शेवटी तेवढंच. एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर तोच आठवडा पुन्हा करायचा, उडी मारायची नाही. कणकण, जुलाब, रात्रीची झोप नाही, अशा दिवशी पळणं बंद.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट घट्ट धरा. दौडीच्या सकाळी "पोट हलकं राहावं" म्हणून कुणीही गोळी चुकवू नये. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलेल्यानं अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. हृदयाला आणि किडनीला दोन्हीकडून नुकसान, वर रक्तस्रावाचा धोका. पोटऱ्या-मांड्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखायल्या असतील तर कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळंही असू शकतं, ते डॉक्टरांना सांगा.

सायकलवाली_लातूर
मार्गाचं बोलते. ५ किमी एका दिशेनं नेऊ नका. अडीच किलोमीटरची एकच फेरी आखा आणि ती दोनदा पळवा. फायदा असा की एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं) सुरुवातीच्या जागी एक आणि फेरीच्या बरोबर अर्ध्यावर एक ठेवलं तर कुठल्याही माणसापासून जवळचं मशीन जास्तीत जास्त सव्वासहाशे मीटरवर राहतं. सायकलस्वार ताशी २० किमीनं ते दोन मिनिटांच्या आत पोचवतो. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. त्यामुळं ही मिनिटं मार्ग आखतानाच वाचवायची असतात.

अंतर मोबाइलवर मोजू नका, वळणावर तो चुकतो. चाकाचा घेर मोजून घेतलेल्या सायकलीनं मोजा आणि अधिकृत पद्धतीप्रमाणं हजारी एक, म्हणजे ५ किमीला ५ मीटर जास्तीचे धरा.

चढ टाळा. दौलताबाद घाट, गोगाबाबा टेकडी फोटोला छान, या दौडीला नाही. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल किंवा विद्यापीठ परिसरातला सपाट भाग, यांपैकी जिथं परवानगी मिळेल ते बघा. आतल्या आत फेरी बसली तर वाहतूक थांबवायचा प्रश्नच उरत नाही. लातूर, बीड, परभणीकडचं कुणी हे वाचून गावाबाहेरचा रस्ता निवडणार असेल तर जानेवारीत ऊस गळीत जोरात असतो हे लक्षात ठेवा. पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्याकडं निघालेल्या असतात, मागं दिवा नसतो. कारखान्याच्या रस्त्यावर दौड नकोच.

बालाघाट
ताईंनी एईडीचं सांगितलं, माणसांचं मी सांगतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास झाला. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं. धोका दुर्मीळ आहे, घाबरायचं कारण नाही. पण जे वाचले त्यांच्यात शेजारच्या माणसानं लगेच सीपीआर सुरू करणं हा मोठा फरक होता. आणि असे प्रसंग शेवटच्या टप्प्यात जास्त घडतात, कारण लोक शेवटची रेषा दिसली की जोर लावतात. म्हणून तुमचे सीपीआर येणारे स्वयंसेवक सुरुवातीला गर्दी करून उभे करू नका. शेवटच्या ५०० मीटरमध्ये दर १०० मीटरला एक जण ठेवा, बाकीचे फेरीभर.

आठ दिवस आधी दोन तासांचं प्रशिक्षण ठेवा, पुतळ्यावर हात चालवून. छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२०, तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

अॅम्ब्युलन्स नुसती 'आहे' म्हणून भागत नाही. डिफिब्रिलेटर (शॉकचं यंत्र), ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेली हवी. १०८ च्या यंत्रणेला लेखी कळवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्यांना आणीबाणीचा कॉल आला तर गाडी निघून जाणार आणि ते बरोबरच आहे. खासगी गाडी दौड संपेपर्यंत ठरवून ठेवा. आणि ज्या रुग्णालयात न्यायचं त्यांना तारीख-वेळ आधी द्या.

जिंतूरकर_रनर
माझं थोडं वेगळं मत. सावरलेल्या मंडळींना सगळ्यात पुढं सोडावं. मान त्यांचा आहे. आधी त्यांनी सुरुवात करायची, दहा मिनिटांनी बाकीच्यांनी.

सायकलवाली_लातूर
दादा, भावना समजते. पण दहा मिनिटांनी मागून दोनशे तरुण ताशी १२ च्या वेगानं येतात. अरुंद जागी धक्का लागतो, आणि मागून पळण्याचा आवाज आला की पुढचा माणूस नकळत वेग वाढवतो. हे दर दौडीत दिसतं. शिवाय दोन फेऱ्यांचा मार्ग आहे, म्हणजे ओलांडणं दोनदा. माझ्या मते त्यांना शेवटी सोडा, मागं सायकल आणि सोबत एक धडधाकट जोडीदार.

हृदय_फिजिओ
दोघांचंही राखता येईल. पळणाऱ्यांची दौड सव्वासातला, ती आठच्या सुमारास आटोपते. मग मार्ग मोकळा झाल्यावर सव्वाआठला सावरलेल्यांची फेरी, आणि पळून आलेल्या सगळ्यांनी दुतर्फा उभं राहायचं. तोवर ऊनही कोवळं असतं, गारठा गेलेला असतो. स्पर्धा नाही, वेळ नोंदवायची नाही. 'चालणे' चिठ्ठीवाल्यांना एकच फेरी, अडीच किलोमीटर. यात मान आणि सुरक्षा दोन्ही आहे. फक्त अॅम्ब्युलन्स साडेनऊनंतरही अर्धा तास थांबली पाहिजे.

रेषा ओलांडल्यावर कुणालाही फोटोसाठी जागच्या जागी थांबवू नका. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, दाब उतरतो, चक्कर येते. रेषेपुढं १०० मीटर दोर बांधून बोळ करा आणि त्यात चालतच पुढं जाऊ द्या. पदक, फोटो बोळाच्या टोकाला.

छातीवर दडपण, जबडा-खांदा-हात भरून येणं, घाम, चक्कर, यांपैकी काहीही झालं की थांबून बसायचं. मधुमेह असलेल्यांना छातीत दुखेलच असं नाही, नुसती धाप आणि घाम हेसुद्धा लक्षण धरा. ज्यांना डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की घ्यायची गोळी) दिलीय त्यांनी ती बसूनच जिभेखाली ठेवायची. उभ्यानं घेतली तर दाब उतरून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर सरळ अॅम्ब्युलन्स. लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नये : सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास. हा प्रश्न लोक चारचौघांत विचारत नाहीत, म्हणून माहितीपत्रकात छापा.

पावतीबुक
पैशाचं. कार्यकर्त्याच्या मोबाइलचा क्यूआर आजच मागं घ्या. जमलेली रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात दिसते आणि पुढं कितीही प्रामाणिकपणे दिली तरी हिशेब संशयाचा होतो. तुमची नोंदणीकृत संस्था नसेल तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे जमवण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी द्यावं लागतं. सोपा मार्ग असा : रुग्णालय ट्रस्टचं असेल तर देणगी थेट ट्रस्टच्या खात्यात आणि पावती त्यांचीच. सरकारी असेल तर जिल्हा रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडला, अधिष्ठाता कार्यालयात लेखी विचारा.

प्रवेश शुल्क आणि देणगी वेगळी ठेवा, फॉर्मवर दोन रकाने करा. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, नाश्ता मिळतो, ती देणगी नव्हे. आयकरातली सवलत (लोक जिला ८०जी म्हणतात) फक्त देणगीला, तीही संस्थेकडं नोंदणी असेल तर. २००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच. हे आधी सांगितलं नाही तर मार्चमध्ये फोन सुरू होतात.

आणि खर्च बघा. समजा ३०० जणांकडून ४०० रुपये घेतले, १ लाख २० हजार झाले. टी-शर्ट २००, पदक ८०, वेळ मोजायची चिप ६० असं धरलं तर माणशी ३४० तिथंच गेले. उरले १८ हजार, त्यातून अॅम्ब्युलन्स, मांडव, पाणी. रुग्णालयाला द्यायला काही उरत नाही. चिप काढा, पदक काढा. टी-शर्ट ज्याला हवा त्यानं वेगळा विकत घ्यावा. बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) छापा, तो लागतोच. मागच्या बाजूला नाव, रक्तगट, चालू औषधं, 'रक्त पातळ करणारी गोळी : हो/नाही' आणि घरच्यांचा नंबर. पुढच्या बाजूला आजाराची खूण नको, ती ज्याची त्याची खासगी बाब आहे.

वॉर्ड_सिस्टर
रुग्णालयाला काय द्यायचं ते रुग्णालयाला विचारून ठरवा, कळकळीची विनंती. दात्यांना मोठं यंत्र द्यायचं असतं. पण यंत्राबरोबर देखभालीचा करार नसेल तर पहिल्याच बिघाडात ते कोपऱ्यात जातं. वॉर्डात रोज कमी पडतात त्या साध्या वस्तू : ईसीजीचे कागदी रोल, इलेक्ट्रोड, चांगल्या चाकांच्या व्हीलचेअर, बीपीचे वेगवेगळ्या मापाचे पट्टे, आयसीयूबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी बाकडी. वस्तू दिली की साठा नोंदवहीत नोंद झाली का ते बघा, नाहीतर वर्षानं ती कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत झाले तरी पुढच्या गोळ्या, तपासणीला यायचं भाडं हे पेशंटला जड जातं. पाथरी-सेलूहून येणारा माणूस दोन-तीन महिन्यांनी गोळ्या सोडतो आणि पुन्हा अॅटॅक घेऊन येतो. समाजसेवा अधीक्षकांशी बोलून औषधांसाठी निधी ठेवला तर तो खूप पुढं जातो.

आणि आभार. रविवारी सकाळी कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची) टीम ड्यूटीवर किंवा कॉलवर असते, त्यांना मंचावर बोलावू नका. ड्यूटी साधारण सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ ला बदलते. दुपारी दीड ते अडीचमध्ये परिचारिका, तंत्रज्ञ, मामा-मावशी, सफाईवाले, दोन्ही पाळ्यांचे भेटतात. चार-पाच जणांनीच जा, आधी सांगून जा. स्टेंट डॉक्टर टाकतात, पण रात्री तीनला घाम फुटलेला ज्यांच्या लक्षात आला त्यांनाही आठवणीनं भेटा. हातानं लिहिलेलं पत्र वॉर्डात वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

सेलूची_सुगरण
नाश्ता-पाण्याचा हिशेब. पाणवठा प्रत्येक फेरीत एक, माणशी २०० मिली धरा. ३०० जण, दोन फेऱ्या म्हणजे १२० लिटर, २० लिटरचे ६ जार. शेवटी माणशी अर्धा लिटर, म्हणजे १५० लिटर, ८ जार. दोन जादा. कागदी पेले, आणि पेले टाकायच्या टोपल्या पाणवठ्याच्या ५० मीटर पुढं, कारण लोक पळत पितात. ओआरएस सरसकट वाटू नका. हृदय कमजोर असलेल्यांना मीठ-पाणी मोजून असतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

वडा-भजी नको. जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस, आपल्या ज्वारीसारखं दुसरं काय शोभेल? माणशी १०० ग्रॅम धरून ३० किलो. आगटी मात्र शेवटच्या रेषेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा. धापा टाकत आलेल्या माणसाच्या नाकात गोवरीचा धूर जाता कामा नये. शेंगदाण्याच्या चटणीत मीठ निम्मं. सोबत केळी, पेरू आणि बिनसाखरेचं ताक. इन्शुलिनवाल्यांनी उपाशीपोटी उतरू नये, त्यांना आधी एक केळं आणि खिशात साखरेच्या पुड्या.

गोदाकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला आराखडा : जानेवारीचा तिसरा रविवार, आतल्या आत अडीच किमीची फेरी, पहिली दौड सव्वासातला, सावरलेल्यांची फेरी सव्वाआठला. ढोल रद्द. धनादेशाऐवजी वॉर्डाकडून यादी मागवायलोय, पैसे ट्रस्टच्या खात्यात. एकच शंका राहिली. दोन एईडी भाड्यानं मिळताहेत. आणताना काय तपासायचं?

सायकलवाली_लातूर
पॅडवरची मुदत आधी बघा. चिकट जेल वाळलं की पॅड छातीला धरत नाही. पाकीट फोडलेलं नको, प्रत्येक मशीनसोबत एक जादा जोड हवा. बॅटरीचा हिरवा दिवा किंवा बरोबरची खूण दिसली पाहिजे. पिशवीत कात्री, कोरडा रुमाल आणि दाढीचं रेझर ठेवा. घामेजलेल्या, केसाळ छातीवर पॅड चिकटत नाही. आवाज कोणत्या भाषेत येतो तेही आदल्या दिवशी सुरू करून ऐका, आणि स्वयंसेवकांना त्याच मशीनवर एकदा हात फिरवू द्या.